सरकत्या देवाचा पूल

आधीच सांगून टाकते, म्हणजे नंतर कोणाचा हिरमोड नको. बांधकाम खात्यात हयात काढली, पण नवा पूल मी एकही बांधला नाही. फीत कापणाऱ्याच्या मागे जी गर्दी उभी असते, तिच्यात मी कुठल्याच फोटोत सापडायची नाही. माझ्या वाट्याला आले ते सगळे म्हातारे पूल. कोणाचं रंगकाम, कोणाचे सैल झालेले रिव्हेट, कोणाच्या अंगाखांद्यावर बसलेलं आग्यामोहोळ. सोबतचे इंजिनियर चिडवायचे, "मॅडम, तुमचं सेक्शन म्हणजे वृद्धाश्रम." म्हणोत बापडे. म्हाताऱ्यांची सेवा केली की निदान आशीर्वाद मिळतात, नव्या पुलांच्या मागे चौकशी लागते.

त्यातला माझा लाडका म्हणजे पूर्णेवरचा लोखंडी पूल. आता त्याच्या शेजारी सिमेंटचा रुंद पूल झाला आहे. अकोल्याकडून अमरावतीकडे धावणारं सगळं तिकडून धावतं, आणि जुन्यावरून पायी माणसं, सायकली आणि बकऱ्या निवांत जातात. पण मी सांगते ती गोष्ट नवा पूल व्हायच्या आधीची आहे. तेव्हा दोन्ही काठांना मिळून हा एकच पूल होता.

ज्यांनी असा पूल पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगते. रस्त्याच्या दोन्ही अंगांना लोखंडी पट्ट्यांच्या त्रिकोणांची उंच जाळी, माथ्यावर आडव्या पट्ट्या, आणि मधून आपण. सगळं रिव्हेट ठोकून जोडलेलं, इंग्रजांच्या वेळचं. खाली दगडी खांब. सकाळी नदीवरून वर येणारा गारवा त्या जाळीतून गाळून यावा तसा यायचा. दुपारी जाळीची सावली रस्त्यावर पडायची आणि दिवसभर हळूहळू सरकत राहायची. सायकलवरून जाणाऱ्याच्या अंगावरून ऊन, सावली, ऊन, सावली अशी पळायची, की मधेच डोळे जड व्हावेत. मी जीपमधून उतरून हा पूल नेहमी पायी ओलांडायची. ड्रायव्हर पलीकडे जाऊन वाट पाहत बसायचा आणि मनात मला काय म्हणायचा ते त्यालाच ठाऊक.

गिऱ्हाइकंही एकेक नग. लग्नाआधी फोटो काढायला परतवाड्याहून जोडपी यायची. एकदा एक नवरदेव सजवलेल्या घोड्यासकट आला, आणि जाळीची सावली पाहून घोडंच बिचकलं. ते काही केल्या पुलावर पाय ठेवीना. शेवटी नवरदेव पायी पलीकडे गेला आणि घोडं आल्या वाटेनं घरी परतलं. माझा खलाशांचा, म्हणजे पुलावरच्या मजुरांचा, मुकादम कादरभाई म्हणाला, "समजदार जनावर है. शादी का रास्ता पहचानता है."

आता कामाची एक गोष्ट, कारण तिच्यावाचून पुढचं कळणार नाही. लोखंड तापलं की लांबतं आणि निवलं की आखडतं. आमच्या वऱ्हाडात तर ऊन असं, की चपलेचा तळवा डांबराला चिकटून राहावा. तेव्हा पुलाचा एकेक गाळा, म्हणजे दोन खांबांमधला तुकडा, उन्हाळ्यात चांगला अंगठाभर लांब होतो. मग त्यानं जावं कुठे? म्हणून गाळ्याचं एक टोक दगडावर पक्कं बसवतात आणि दुसरं टोक लाटण्यासारख्या गोल लोखंडी रुळांवर मोकळं ठेवतात. त्याला बेअरिंग म्हणतात. ऊन चढलं की पूल त्या रुळांवर पुढे सरकतो, थंडी आली की मागे येतो. पूल श्वास घेतो म्हणा ना. हे रूळ मोकळे राहिले की पूल पिढ्यान् पिढ्या उभा राहतो.

मला ते सेक्शन नवीनच मिळालं होतं. उन्हाळा लागत होता, आणि एका काठाला जे गाव, तिकडचं पुलाचं टोक ज्या दगडी धक्क्यावर टेकतं, त्याच्या एका कोपऱ्याला वरून खाली चीर गेलेली आढळली. मोठे साहेब आले, त्यांनी चीर पाहिली आणि पायी माणसांसकट सगळी वाहतूक बंद केली. साहेब वाईट नव्हते. मला म्हणाले, "पाऊस यायच्या आत कारण शोधा. सापडलं तर दुरुस्त करू. नाही सापडलं तर मी पायी माणसालासुद्धा पूल पुन्हा उघडणार नाही, आणि पूल उतरवायचा प्रस्ताव पाठवीन." त्यांचं चूक नव्हतं. चिरलेल्या दगडावर माणसं कोण चालवणार?

मी आणि कादरभाई काठावरून पायवाटेनं खाली उतरलो. वरच्या उन्हातून पुलाखालच्या सावलीत गेलं की क्षणभर काही दिसायचंच नाही, नुसते हिरवे-पिवळे ठिपके तरंगायचे. ते ठिपके विरले आणि समोर देव दिसला.

डाव्या बाजूचं बेअरिंग शेंदरानं माखलेलं. ठेंगणं, रुंद, दोन्ही बाजूंना खांद्यासारखं लोखंड बाहेर आलेलं. खरंच कोणी बसलंय असंच वाटावं. त्याला चांदीचे डोळे लावलेले, गळ्यात मोगऱ्याची ताजी माळ. आणि त्याच्या चारी अंगांनी, रुळांना पार गिळून टाकणारा, घोटून गुळगुळीत केलेला सिमेंटचा देखणा ओटा.

कादरभाईनं कपाळावर हात मारला. "जाम है, मॅडम. पूरा जाम."

उजवं बेअरिंग मोकळं होतं, ते सरकत होतं. डावं बांधलेलं. माणसाचा एक पाय चालायला निघाला आणि दुसरा खुंट्याला बांधला, तर काय होईल? तेच त्या दगडाचं झालं होतं. कारण सापडलं म्हणून मला इतका आनंद झाला, की मी तशीच पुढे झाले.

"कोन वं तू? चपला काढ आंधी!"

मागे एक बाई उभी होती. काटक, उन्हानं रापलेली, डोक्यावर टोपलं, टोपल्यात मोगरा. ती वच्छलाबाई. या देवाची दिवाबत्ती तिच्या घराकडे होती.

"मी बांधकाम खात्याची इंजिनियर," मी म्हणाले.

"असशीन तुया हाफिसात. अठी देव हाये."

मी चपला काढल्या आणि सांगितलं, की हा ओटा फोडावा लागेल. बाप्पा! तिनं टोपलं खाली ठेवलं आणि माझ्या सात पिढ्यांची विचारपूस केली. मीही काही गाय नव्हे. मी म्हटलं, "ओटा राहिला तर पूल जाईल." ती म्हणाली, "जाऊ दे तुया पूल!" आणि मग एकदम गप्प झाली. कारण पूल माझा नव्हताच, तिचा होता.

त्या भागातल्या विहिरींचं पाणी खारं. गावातल्या पाण्यावर फुलं काय, गवतसुद्धा धड येत नाही. तिचं शेत, गोड्या पाण्याचं वावर, नदीपलीकडे. पहाटे पलीकडे जायचं, मोगरा तोडायचा, आणि कळ्या उमलायच्या आत गावाच्या फाट्यावर अमरावतीचा टेम्पो गाठायचा. ऐन उन्हाळ्यात नदीच्या पात्रातून कसंबसं जाता येतं, पण पूर्णा भरली की पुढचा पूल इतका लांब, की फुलं तिथं पोचेपर्यंत काळी पडावीत. पूल गेला तर तिचं वावर गेलं, एवढं सरळ होतं ते.

"मंग दुसरा काही उपाय कर न वं," ती म्हणाली. "त्याले हात नोको लावू. माह्या मालकानं बांधला हाये तो."

तिचा नवरा नामदेव गवंडी. गावातली निम्मी घरं त्याच्या हातची. देवाला उन्हातान्हात उघड्यावर बसावं लागतं, मुंग्या चढतात, पावसाचं पाणी शिंतडतं, हे त्याला पाहवत नव्हतं. चांगलं सिमेंट आणून त्यानं स्वतः ओटा बांधला, आरशासारखा घोटला, आणि त्याच हिवाळ्यात तो गेला. ते त्याचं शेवटचं काम होतं.

साहेबांना फोन केला तर ते म्हणाले, "पोलीस बंदोबस्त मागवून घ्या, एका सकाळचं काम आहे." मी नाही म्हटलं. बंदोबस्तात फोडलेला देव गाव विसरत नाही. आणि खरं सांगू? त्या बाईशी भांडून झाल्यावर ती मला आवडायला लागली होती.

मग मी रोज दुपारी तिथं जाऊन बसायला लागले. ऑफिसात सांगायची, निरीक्षण चालू आहे. खोटं नव्हतंच ते. पुलाखाली वाळूवर बसलं की वेळ कुठे जातो कळायचं नाही. पात्रात टरबुजाच्या वाड्या, त्यांच्यापलीकडे पाण्याची बारीक धार, आणि वाळूवरून वाफ अशी हलायची की पलीकडचा काठ, झाडं, बकऱ्या सगळं पाण्यात असल्यासारखं डुलायचं. वर ये-जा बंद, त्यामुळे पूल पार एकटा. मधूनच टक्क असा आवाज यायचा. मग शांतता. मग लांबवर कुठेतरी दुसरा टक्क. मला कधी डुलकी लागायची, आणि डुलकीत वाटायचं की आपण कोणा मोठ्या जनावराच्या पोटाशी निजलो आहोत आणि त्याला स्वप्न पडतंय. जागी झाले की वच्छलाबाई समोर. तांब्याभर गोडं पाणी पुढे करायची, पण बोलायची नाही.

आसपासच्या म्हाताऱ्या मात्र येऊन बसायच्या. त्यांच्याकडूनच मला देवाची हकिगत कळली. हा म्हणे सरकता देव. संक्रांतीच्या थंडीत नदीकडे सरकायचा, आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, उन्हात गावाकडे यायचा. त्यांच्या सासवांच्या वेळेपासून रीत होती. आखाजीला दगडावर शेंदराचं बोट ओढायचं, आणि संक्रांतीला पाहायचं की देव किती मागे गेला. एक म्हातारी म्हणाली, "आमी लेकी माहेरी येतो न आखाजीले, तसा तोही ये."

मी विचारलं, "आणि आता?"

"आता नाही सरकत. नामदेवनं ओटा बांधला अन् देव बसला. सुख लागलं त्याले."

ऐकून मी थक्क झाले. जी गोष्ट मी पुस्तकात शिकले, ती या बाया पिढ्यान् पिढ्या बोटानं मोजत होत्या. आणि ज्या बोटांनी मोजलं, त्याच हातांनी प्रेमापोटी देवाला चिणून टाकलं. मी त्यांना समजावलं, उन्हानं पूल लांबतो, पुलाबरोबर देव पुढे येतो. त्यावर वच्छलाबाई पहिल्यांदा बोलली.

"म्हंजे देव खोटा म्हनतं का तू?"

"देव खरा की खोटा, ते माझ्या खात्याकडे नाही," मी म्हणाले. "तो सरकला पाहिजे, एवढंच माझ्याकडे आहे."

म्हाताऱ्या हसल्या. ती नाही हसली.

आखाजी जवळ आली. एका दुपारी ऊन असं तापलं, की पक्षीसुद्धा मुके झाले. मी उठायच्या बेतात होते, तेवढ्यात पुलातून आवाज आला. टक्क नव्हे. लांबलेला, खोल, दाताखाली काही धरून ठेवल्यासारखा. धक्क्याच्या चिरेतून भुकटी सांडली. मला भीती वाटली, खरंच सांगते.

वच्छलाबाई टोपलं टाकून उठली. ओट्यावर पाय न देता बाजूनं वाकली आणि तिनं देवाच्या वरच्या लोखंडाला तळहात लावला. चटका बसला असेल, पण हात काढला नाही. डोळे मिटून उभी राहिली. कितीतरी वेळ. वाळूवरची वाफ हलत होती आणि ती तेवढी स्थिर होती.

"अडली हाये," ती म्हणाली.

"कोण?"

"अडलेली गाय अशीच कन्हते. बाहेर यायले पाह्यते अन् वाट नाही." तिनं हात काढून पदरात गुंडाळला. "सुख नाही लागलं वं त्याले. मले वाटे सुख लागलं. दोन उन्हाळे आमी त्याले असं कोंडून ठेवलं काय?"

मी तांब्यातलं पाणी तिच्या पदरावर ओतलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही खलाशी घेऊन गेलो, तर अर्धं गाव काठावर. पुरुष हाताची घडी घालून लांब उभे. देवाला कोणी हात लावायचा, हा प्रश्न. खलाशी कादरभाईकडे बघायचे, कादरभाई माझ्याकडे. तो हळूच म्हणाला, "मॅडम, पहला हथौडा मेरा नहीं पड़ना चाहिए. तुमचाही नको." त्याचं बरोबर होतं.

वच्छलाबाई अंघोळ करून ओल्या केसांनी आली. तिनं देवाला पाणी घातलं, मोगरा वाहिला, आणि कादरभाईपुढे हात केला. "दे."

तिनं पहिली छिन्नी लावली ती कडेला. हातोडा उचलला आणि थांबली. मला वाटलं, झालं, आता रडेल. ती पुटपुटली, "आता रागावू नोको. चांगलंच बांधलं व्हतं तुनं. जरा जास्तच चांगलं." आणि घाव घातला.

नामदेवचं काम असं पक्कं, की खलाशांना घाम फुटला. तुकडे निघत गेले. एक मोठी फरशीएवढी ढलपी उलटी पडली, तर देवामागच्या, कधी न दिसणाऱ्या अंगावर पंजा उमटलेला, ओल्या सिमेंटमध्ये भार देऊन टेकलेला, पाचही बोटं स्पष्ट. खलाशी ती ढकलणार, तोच वच्छलाबाईनं हात धरला. तुकडा उचलून बाजूला नेला आणि त्याच्यावर लुगड्याचा पदर टाकून पाठमोरी बसली.

पुढचं आमचं काम. जॅक लावून गाळा केसभर उचलायचा, रूळ काढून खरवडायचे, ग्रीस भरायचं, परत बसवायचे. देवाचा शेंदूर तेवढा आम्ही राहू दिला. रुळाला शेंदराचा त्रास नसतो, ओट्याचा असतो. दुपारपर्यंत सगळं झालं. कादरभाई जॅक सोडायला लागला, तशी काठावरची कुजबूज थांबली.

पूल खाली बसला. क्षणभर काहीच नाही. मग आतून एक मोठा, मोकळा आवाज आला, आणि शेंदरी देव माझ्या डोळ्यांदेखत बोटभर पुढे आला. गावाकडे. दोन उन्हाळ्यांचं राहिलेलं एकदम.

एका म्हातारीनं फक्त, "आला वं माय," असं म्हटलं आणि तिच्या डोळ्यांना धार लागली. माझ्याही लागली. खात्यात बाईमाणसानं रडायचं नसतं, असा माझा स्वतःचा नियम होता. तो त्या दुपारी मोडला.

चीर शिवून झाली, साहेब स्वतः येऊन पाहून गेले, आणि पहिला पाऊस पडायच्या आधी पूल उघडला. त्या पहाटे मी मुद्दाम गेले. अजून पूर्ण उजाडलं नव्हतं, जाळीतून धुकट निळा उजेड येत होता. खाली नदी दिसत नव्हती, नुसती जाणवत होती. वच्छलाबाई सर्वांत आधी निघाली होती. डोक्यावर टोपलं, पण जड, मान ताठ धरलेली.

"रिकामं टोपलं इतकं जड?" मी विचारलं.

"चाल सोबत."

आम्ही दोघी पूल ओलांडला. तिचं वावर बांधापर्यंत मोगऱ्यानं पांढरं होतं आणि वासानं डोकं हलकं होत होतं. विहिरीवरच्या पाइपाचं पाणी जिथं पडायचं, तिथली माती खचून खड्डा झाला होता. तिनं टोपलं उतरवलं. आत तोच तुकडा. तिनं तो पंजा वर करून नीट खड्ड्यात बसवला, पायानं माती दाबली आणि मोटार सुरू केली. गोडं पाणी त्या पाच बोटांवर पडलं आणि शांतपणे पाटातून मोगऱ्याकडे निघालं.

"साऱ्या गावाचे घरं बांधले यानं," ती म्हणाली. "माह्या वावरात एक दिवस पाय नाही ठेवला. म्हने, फुलं तोडनं बायाचं काम."

ती वाकून पहिली कळी तोडत होती. वर न बघताच म्हणाली,

"जाय वं मॅडम, पाहाय तुया पूल. आमा दोघाले आता लय काम हाये."